माझ्या वाटीतला दाणा

माझ्याकडे एक पिवळं कार्ड आहे, आणि ते आहे हे मी चौदा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला नाही, आणि ती तर आता नाहीच. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक जुनी नोंदवही आहे, तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ते खोचून ठेवलेलं आहे. तळहाताएवढं कार्ड, त्यावर माझं नाव, वय आणि खाली एक ओळ: सिकलसेल वाहक. ज्याच्या रक्तात हा आजार दडून असतो पण ज्याला स्वतःला त्याचा त्रास नसतो, त्याला पिवळं कार्ड देतात. ज्याला आजार आहे त्याला लाल. ज्याच्यात काहीच नाही त्याला पांढरं. आमच्या घरात एक लाल कार्ड आहे, माझ्या मुलीचं, आणि एक पिवळं, माझ्या बायकोचं. माझं रक्त स्वच्छ आहे असं घरचे, सोयरे, गावातले, सगळे समजतात.

थंडी पडायला लागली की ते कार्ड आठवतं. म्हणजे एरवी विसरतो असं नाही. पण पावसाळ्यात माणूस कामात असतो, उन्हाळ्यात जीव मेटाकुटीला आलेला असतो. महागावच्या या भागात थंडी चांगली लागते. सोयाबीन कधीचंच निघालेलं असतं, कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते आणि तूर शेंगांनी वाकलेली असते. घरोघरी ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात, त्या वासानं गल्ली भरते. लोक अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत खातात आणि टरफलं तिथंच टाकतात. याच दिवसांत पाहुणे येतात, मुली बघतात, लग्नं ठरतात. सगळ्यांना हा हंगाम आवडतो. आमच्याकडे मात्र दिवाळी झाली की लोकरीचे मोजे निघतात, पाण्याची बाटली सतत भरलेली ठेवावी लागते आणि मी सायलीच्या चालण्याकडे बघत राहतो.

सायली माझी मुलगी. यंदा बारावीला आहे. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या तशा राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, आणि अडकल्या तिथे दुखतं. गारव्यानं ते वाढतं. ती लहान होती तेव्हा रडायची. आता रडत नाही. गुडघ्याशी पाय धरून बसते आणि म्हणते, "बाबा, जरा गरम पाणी द्या ना." तेवढ्यावरून आम्हाला कळतं.

मी विज्ञान शिकवतो. नववीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे, तो दुसऱ्या सत्रात येतो, म्हणजे ऐन थंडीत. तो शिकवायची माझी एक पद्धत आहे आणि ती तालुक्यातल्या दोन-चार शिक्षकांनी उचललीही. पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे. परदेशातला एक साधू मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाण्याचे वेल लावून बघत बसला, उंच वेल आणि बुटका वेल, त्यांची पोरं आणि पोरांची पोरं. आमच्या पोरांना वाटाणा लग्नाच्या भाजीतला माहीत, वेल कोणी पाहिलेला नाही. म्हणून मी तूर आणतो. लाल तूर आणि पांढरी तूर. दोन वाट्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत दोन दाणे. डोळे मिटून आईच्या वाटीतला एक दाणा उचलायचा, बापाच्या वाटीतला एक. झालं मूल.

मग सांगायचं की लाल दाणा प्रभावी आहे. तो एकटा जरी असला तरी मूल लालच दिसणार. पांढरा अप्रभावी. तो दिसायचा असेल तर दोन्ही वाट्यांतून पांढराच आला पाहिजे. आणि दोन्ही वाट्यांत एक लाल, एक पांढरा असेल, तर आई लाल दिसते, बाप लाल दिसतो, दोघंही ठणठणीत, आणि तरी चारांत एका खेपेला हातात दोन पांढरे येऊ शकतात.

पोरं खूप हसतात. कोणी म्हणतं, "सर, माह्या हाती तं चार खेपा पांढरेच आले. नशीबच फुटकं." मी सांगतो की दर खेपेला डाव नव्यानं मांडला जातो, आधी काय आलं ते दाण्यांना माहीत नसतं. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "सर, लाल दाण्याच्या बाजूले पांढरा आला तं तो पांढरा कुठं जाते?"

"कुठंच जात नाही," मी म्हणालो. "असतो. दिसत नाही फक्त."

"मंग त्याले माहीत असते का, का आपून हाओत म्हणून?"

वर्ग हसला. मीही हसलो. ती मुलगी आता कुठे आहे कोणास ठाऊक, तिचं ते वाक्य माझ्याजवळ राहून गेलं.

हे कार्ड मिळालं त्या थंडीत सायली तीन वर्षांची होती. तिचे दोन्ही तळहात सुजले, मग पावलं. गावच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. तिघांचंही रक्त घेतलं. आधी साधी चाचणी करतात. नळीतल्या औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीच्या मागे छापील ओळींचा कागद धरतात. ओळी वाचता आल्या तर रक्त स्वच्छ. पाणी गढूळ झालं आणि ओळी दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. मी शाळेत आलेल्या शिबिरात पोरांच्या नळ्या धरल्या होत्या, मला हे सगळं माहीत होतं. स्वतःची नळी मी पाहिली नाही. नर्सनं ती माझ्याकडे पाठ करून धरली होती.

आठवड्यानं पक्का रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी तीन कार्डं टेबलावर ठेवली, एक लाल, दोन पिवळी.

"सर, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तुम्हाला मी काय वेगळं सांगणार. एक तिच्या आईकडून आलं, एक तुमच्याकडून. कोणाचीच चूक नाही यात. घरी नीट समजावून सांगा, कारण दोष देत बसतात लोक."

मी म्हणालो, "हो."

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर तुरीचं सोंगणं चाललं होतं, पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. तीनही कार्डं माझ्या पिशवीत होती. दारव्ह्याच्या आसपास कुठेतरी मी एक काढून शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. ठरवून घातलं असं म्हणता येणार नाही. पण हात माझाच होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला, शीलाला, बघायला पाहुणे येणार होते. हे कारण मी स्वतःला चौदा वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. घरी पोचलो तेव्हा माय अंगणात शेंगा सोलत बसली होती. शीला पाहुण्यांसाठी कपबशा पुसत होती. रेखा, माझी बायको, सायलीला मांडीवर घेऊन तिच्या बोटांवर गरम फडकं ठेवत होती.

मायनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टरीण?"

मी सांगितलं, रक्ताचा आजार आहे, सिकलसेल, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, थंडीत जपावं लागेल. आईबापाकडून येतो.

"कोनाकडून आला मंग? आपल्यात तं कोनालेच नाही असं."

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा होते नव्हते ते पाण्यात सोडले. बाबा हयात असेपर्यंत घरात कोणी नवस बोललं नाही, कोणी पत्रिका पाहिली नाही. दुखणं आलं की बाबा म्हणायचे, कारण शोधा. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण त्या दिवशी अंगणात मला वाटलं, की यांच्याकडे नशिबावर टाकायची सोय असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे कारण म्हणजे कोणीतरी माणूस लागणार होता.

शीलानं कप पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "रेखाच्या बाजूनं."

रेखानं मान वर केली नाही. फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि सायलीच्या दुसऱ्या हातावर ठेवलं. मायनं हातातली शेंग सोलली आणि म्हणाली, "तरीच. पोरीचे कान माहे हायेत, चाल बी माहीच. हे दुखनं कुठचं आलं म्हनत होती मी."

माणसं असं वाटून घेतात. सायलीचं हसणं आमचं, केस आमचे, पाठांतर माझं, हट्टीपणा मामाचा आणि आजार तिकडचा. कोणाच्या वाटीत काय होतं ते कोणी बघायला जात नाही. चांगलं दिसेल ते उचलतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक गुण प्रभावी, तमुक अप्रभावी, आणि पोरं पेपरात लिहितात की प्रभावी म्हणजे चांगला, जोरदार. मी दरवर्षी त्यावर लाल रेघ मारतो. प्रभावी म्हणजे फक्त दिसणारा. पंचवीस वर्षं हे खोडत आलो आणि घरात मात्र हेच चालू दिलं.

शीलाचं लग्न जमलं.

त्याच हंगामात रेखाच्या धाकट्या बहिणीचंही जमत आलं होतं. वैशाली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, उमरखेडजवळच्या त्यांच्या गावात शिवणकाम करायची. मुलगा बोरी अरबचा, नोकरीला होता, दोन्हीकडची पसंती झाली होती. साखरपुडा तेवढा राहिला होता. त्यात आमच्या मायनं कुठल्याशा बारशात कोणाशी तरी बोलताना सुनेच्या माहेरच्या रक्ताचा विषय काढला. तिचा हेतू वाईट नव्हता, नातीच्या काळजीनं बोलली. बोलणं फिरत फिरत बोरी अरबला गेलं.

मुलाचा मामा मला महागावच्या बसस्टँडवर भेटला. मुद्दाम भेटायला आला होता हे नंतर लक्षात आलं. सभ्य माणूस होता. मला चहा घ्यायला लावला आणि म्हणाला, "सर, तुमी शिकलेले. लोकं काय, काईबी बोलून राह्यले. तुमीच सांगा, पोरीच्या घरात ते सिकलसेल हाय का?"

मला काय सांगता आलं असतं ते मी वर्गात दरवर्षी सांगतो. की बहिणीत असलं म्हणजे हिच्यात असेलच असं नाही. की हिच्यात असलं तरी मुलगा स्वच्छ असेल तर पोरांना आजार होत नाही. की ते माझ्यातही आहे, आणि मी तुमच्यासमोर धडधाकट उभा राहून चहा पितो आहे. या तीन वाक्यांतलं शेवटचं एक बोललो असतो तरी त्या माणसाच्या मनातली भीती निम्मी झाली असती.

मी म्हणालो, "दोघांची तपासणी करून घ्या."

सल्ला बरोबर होता. कोणत्याही डॉक्टरनं हाच दिला असता. पण ज्या तोंडानं आणि ज्या ठिकाणी तो दिला, तिथे त्याचा अर्थ एकच होता. मामानं कप खाली ठेवला. म्हणाला, "समजलं, सर. उपकार झाले तुमचे." पंधरा दिवसांनी निरोप आला की मुलगा इतक्यात लग्न करणार नाही म्हणतो.

त्यानंतर अजून दोन स्थळं आली आणि त्यांनाही कळलं. मग येणं थांबलं. चार-पाच वर्षांनी त्यांच्या गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात वैशालीनं बोट पुढे केलं. तिचं कार्ड पांढरं आलं. तिच्यात काहीच नव्हतं. ते कार्ड तिनं सासू नसलेल्या, नवरा नसलेल्या घरात शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, दोऱ्यांच्या रिळांबरोबर. मला दाखवलं होतं एकदा. म्हणाली, "पाहा भाऊजी, आमी पास झालो." मी हसलो होतो.

खोटं एकदा बोललं की संपत नाही. त्याची देखभाल करावी लागते. सायली सहा-सात वर्षांची असताना दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी रेखाला सांगितलं की हा आजार दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. रेखानं घरी येऊन भाकरी थापता थापता विचारलं, "अवो, ती बाई म्हणे दोघायचंही लागते म्हणून. मंग तुमचं?"

मी म्हणालो, "काही प्रकार एका बाजूनंही येतात. आपला तसा आहे."

रेखा दहावी शिकलेली. मी तिचा नवरा आणि वर विज्ञानाचा शिक्षक. तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसरं मूल नको असंही तिनंच ठरवलं. "माह्यामुळं अजून एका जिवाले कायले?" असं म्हणाली आणि मी होकारार्थी मान हलवली. पोटातल्या बाळाचीही तपासणी करता येते, हे मला माहीत होतं. तो विषय काढला असता तर दोघांच्या कार्डांची गोष्ट निघाली असती.

शीलाला पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिच्या रक्तातही ते निघालं, पिवळं कार्ड. तिचा नवरा स्वच्छ होता, त्यामुळे तिच्या पोरांना काही झालं नाही. तिनं मला शाळेत फोन केला.

"दादा, माह्यात निंगालं. म्हणजे आपल्या घरातही हाय."

"असेल. घाबरू नको. तुझ्या लेकराला काही होत नाही."

"घाबरत नाही मी. माय घरी हाय का?"

"मायला कायले सांगते? राहू दे."

"आन वयनीले?" तिनं विचारलं.

तास सुरू व्हायची घंटा झाली होती. मी सांगितलं, तास आहे, नंतर बोलतो. नंतर ती कधी विचारत नाही, मी कधी बोलत नाही. राखीला येते, रेखासाठी साडी आणते, एवढी भारी साडी कशाला म्हणून रेखा तिच्यावर रागावते.

सायली माझ्याच शाळेत होती. ती नववीत गेली त्या वर्षी आनुवंशिकतेचा धडा मी वाट्यांशिवाय शिकवला. फळ्यावर चौकोन काढला, चार घरं पाडली, अक्षरं भरली आणि पुढे गेलो. एका पोरानं विचारलं, "सर, यंदा तुरी नाही का? माहा भाऊ सांगे का खूप मजा येते." मी म्हणालो, वेळ नाही, पोर्शन राहिला आहे. सायली तिसऱ्या बाकावर होती. वहीत चौकोन उतरवून घेत होती. मान खाली, अगदी आईसारखी. तेव्हा तिला कळलं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी तिच्याकडे ते शोधत होतो आणि सापडू नये अशी आशाही करत होतो.

मायला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिचं सगळं रेखानंच केलं. एकदा माय तिला म्हणाली, "तुह्या घराचं रक्त खराब, पन मन चांगलं हाय, बाई." कौतुकानंच म्हणाली. रेखानंही ते कौतुक म्हणूनच घेतलं, पुढे चार जणींना सांगितलं. मी तिथे खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

यंदाच्या जानेवारीत मी सासुरवाडीला गेलो. सायलीला डिसेंबरमध्ये दोनदा भरती करावं लागलं होतं, एकदा रक्तही चढवलं, आणि परीक्षेच्या काळजीनं रेखा तिला सोडून हलत नव्हती. वैशालीनं सायलीसाठी आतून लोकरीचं अस्तर लावलेला कुर्ता शिवला होता, तो आणायचा होता. अशा कुर्त्यात परीक्षेच्या थंड खोलीत तिला बरं पडतं. बाह्या थोड्या लांब ठेवलेल्या, बोटांवर ओढून घेता याव्यात म्हणून. हे वैशालीनं स्वतः शोधून काढलेलं आहे, दहा-बारा वर्षं ती असेच शिवते.

सासरे आत झोपले होते, सासूबाई विहारात गेल्या होत्या. वैशाली अंगणात उन्हात मशीन घेऊन बसली होती. आता छत्तीस वर्षांची आहे. चष्मा लागला आहे. मी ठरवून गेलो होतो. जाताना रस्ताभर वाक्य तयार करत होतो, छोटं, सरळ. तिनं चहा आणला. कुर्ता घडी करून कागदात गुंडाळला. मग दोरा दातानं तोडत म्हणाली, "भाऊजी, एक बोलू का? बरेच दिवसाचं मनात हाय."

"बोल."

"आमच्या रक्तानं तुमच्या घराले लय त्रास झाला. ताई बोलत नाही, पन तिले खूप लागते ते. तुमी कधी तिले वाकडं बोलले नाही. दुसरा असता तं हाकलून देल्ली असती. माय-बाबा बी नेहमी म्हणतात, जवाई म्हणजे देवमाणूस. माफ करजा आमाले."

मशीनचं चाक तिनं हातानं थांबवून धरलं होतं. उत्तराची वाट बघत होती. ऊन तिच्या चष्म्यावर पडलं होतं, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

मी म्हणालो, "असं काही नाही, वैशाली."

तिला वाटलं मी मोठ्या मनानं माफ केलं. तिनं डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "घ्या, चहा थंडा झाला. तुमचं बोलनं म्हणजे बारा महिन्याले एकदा." मी थंड चहा प्यायलो आणि दोनच्या गाडीनं परत आलो. मांडीवर कुर्ता होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायलीनं तो घालून पाहिला. रेखा शेजारी कोणाकडे गेली होती. सायली बाजेवर पुस्तक पसरून बसली होती, बारावीलाही हाच विषय आहे, इंग्रजीत, जरा खोलात. मी खुर्चीत पेपर तपासत होतो. तिनं बाह्या बोटांवर ओढल्या आणि पुस्तकातून मान वर न करता विचारलं,

"बाबा, तुमचं कार्ड कुठं हाय?"

"कुठलं?"

"पिवळं."

मी पेन खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, रागावलेली नव्हती. गणित सुटल्यावर पोरं उत्तराखाली रेघ मारतात तशी तिची नजर होती.

"शाळेत आहे," मी म्हणालो.

"नववीतच समजलं होतं मले. तुमी वाट्या आणल्या नाही तवाच. घरी तुरीचे दाणे घेऊन मी करून पाह्यलं. तुमच्या वाटीत लालच लाल ठेवले तं मी येतच नाही, बाबा. शंभर खेपा केलं. मी होतच नाही."

मला तिला काही सांगायचं होतं. शीलाचे पाहुणे, अंगण, मायचा प्रश्न. ते सगळं तोंडाशी आलं आणि ते तिला सांगणं म्हणजे तिच्याकडून सूट मागणं होतं, म्हणून गप्प राहिलो. ती म्हणाली, "मले तुमचा राग नाही. आजार तुमी थोडीच देला. पन मावशी जवा जवा येते, माहे पाय चेपते, तवा मले तिच्याकडे पाहावत नाही."

"मी सांगतो तिला."

"काल गेलते ना. सांगतलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पेपर झाले की मी मावशीकडे जाऊन राह्यली, महिनाभर. त्याच्या आत सांगा. मम्मीले बी तिथंच सांगा, सगळ्यायच्या समोर. तुमी सांगतलं तं ठीक. मी नाही सांगणार, बाबा. मी सांगाचं नाही ते."

मग तिनं गरम पाणी मागितलं. मी उठून चुलीकडे गेलो, पाणी तापेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

आता फेब्रुवारी सरत आला आहे. तुरी निघाल्या, शेतं मोकळी झाली, सकाळी अजून गारवा आहे पण दुपारी उन्हाचा चटका लागतो. सायलीचे पेपर सुरू आहेत. मी तिला गाडीवर केंद्रावर सोडतो, ती उतरताना बाटली घेते, बाह्या ओढते आणि "येतो, बाबा" म्हणून आत जाते. त्या विषयावर ती पुन्हा काही बोललेली नाही. मी बाहेर झाडाखाली इतर पालकांबरोबर तीन तास उभा राहतो. कोणीतरी म्हणतं, "सर, पोरगी लय हुशार. तुमच्यावरच गेली."

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, कागदावर उतरलं की तोंडानं सांगणं सोपं जाईल. तसं काही झालेलं नाही. थकवा तेवढाच आहे. आणि लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे पेपर तपासणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको.

तिचे तीन पेपर राहिले आहेत. त्यानंतर तिला घेऊन मी सासुरवाडीला जाणार आहे, रेखाही सोबत असेल. तिथे वैशालीला, तिच्या आईवडिलांसमोर आणि रेखासमोर, मला सांगायचं आहे की सायलीच्या आजाराचा निम्मा वाटा माझा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिचं लग्न मोडलं ते मी गप्प बसलो म्हणून. माफी तिनं मागितली होती, ती तिला परत करायची आहे. एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे. अजून दिलेलं नाही.